ज्या महिन्यात काही जळले नाही

मनुष्याने केलेल्या कामाचे मोल कशावरून ठरवावे, हा प्रश्न जितका जुना तितकाच बिकट आहे. शेतकरी आपली पोती मोजतो, विणकर वार मोजतो, गवंडी भिंतीची उंची दाखवितो. परंतु जगात अशीही काही कामे आहेत की, ती उत्तम रीतीने केली असता दाखविण्यास काहीच उरत नाही. शहरातील आगीचा बंब व तो चालविणारी माणसे ह्यांचे काम त्या प्रकारचे आहे. आणि, वाचकहो, खेड्यातील उपदेशकाचे कामही पुष्कळ अंशी त्याच प्रकारचे आहे असे आम्हांस वाटते. पहिल्याचा विचार करिता करिता दुसऱ्याचाही होईल, ह्या आशेने पुढील चार शब्द लिहिले आहेत.

कोल्हापूर शहराचे उदाहरण घेऊ. येथील नगरपालिका १८५४ साली स्थापन झाली व १९७२ साली तिची महानगरपालिका झाली. तिच्या अग्निशमन दलाची ठाणी शहराच्या निरनिराळ्या भागांत आहेत. आग लागल्याची जी खबर ठाण्यावर येते तिला 'वर्दी' म्हणतात. वर्दी किती वाजता आली, बंब केव्हा निघाला, ठिकाणावर केव्हा पोहोचला, आग केव्हा आटोक्यात आली, किती मालमत्ता गेली व किती वाचली, हे सारे दप्तरी लिहून ठेवावे लागते; आणि महिना भरला म्हणजे ह्या नोंदींची बेरीज होते.

ही बेरीज ऋतूप्रमाणे पालटते. शिमग्यापासून पुढे गवत वाळते, डोंगरांचे उतार पेटतात, कडब्याच्या गंज्या राख होतात, उसाच्या फडावरून गेलेल्या विजेच्या तारा एकमेकींस घासून ठिणगी पडते आणि पाहता पाहता एकराचे एकर काळे होतात. मृग लागला म्हणजे रस्त्यांत झाडे उन्मळून पडतात. आषाढ-श्रावणात सर्वांचे डोळे पंचगंगेकडे लागतात. राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ३९ फुटांवर गेले म्हणजे इशारा, व ४३ फुटांवर गेले म्हणजे धोका, हे शहरातील लहान मुलासही पाठ आहे. २०१९ साली व पुन्हा २०२१ साली ते ५५ फुटांच्याही वर चढले, तेव्हा ज्यांचा धंदा विस्तव विझविण्याचा तेच लोक नावा घेऊन घराघरांच्या माड्यांवरून म्हाताऱ्यांस व लेकरांस उतरवीत होते. पुढे गणपती येतात व विसर्जनाच्या घाटांवर रात्रभर उभे राहावे लागते. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाभोवती लोटणाऱ्या गर्दीपाशी बंब सज्ज ठेवावा लागतो. मग दिवाळीतील दारूकाम. ह्यांखेरीज किरकोळ कामे किती म्हणून सांगावी! पतंगाच्या मांज्यात पंख अडकलेली घार, खड्ड्यात पडलेली गाय, तळ्यात बुडालेल्या कोणा अभाग्याचे प्रेत. आणि कोणी टवाळाने दिलेली खोटी वर्दी. तिच्यासाठीही बंब तितक्याच वेगाने धावतो, कारण ती खोटी आहे हे तेथे गेल्यावाचून कळत नाही.

इतके सांगूनही महिन्यातील मोठा भाग सांगावयाचा राहिलाच. तो भाग म्हणजे वाट पाहणे. घंटा वाजत नाही असे कित्येक प्रहर जातात. त्या वेळात हजेरी होते, कवाईत होते, पंप चालवून पाहतात. वापरलेली होज धुऊन, उंच टांगून, पुरती वाळवितात. ओली गुंडाळून ठेविली तर ती कुजते आणि ऐन वेळी फुटते. शिवाजी पेठेतील व मंगळवार पेठेतील कोणत्या बोळात मोठा बंब शिरत नाही, जवळ पाणी कोठे भरता येईल, हे तोंडपाठ करावे लागते. ह्या श्रमांची नोंद कोण करणार? महिनाअखेर दप्तरात एखाद्या रकान्यात शून्य पडते, आणि ते शून्य पाहून कोणीही व्यवहारी मनुष्य विचारील की, ह्या लोकांनी महिनाभर केले तरी काय?

आमचा प्रश्न तो हाच. जे अरिष्ट घडलेच नाही ते टाळल्याचे श्रेय कोणास द्यावे, व ते कसे मोजावे?

आगीशी झुंजणे लोकांस दिसते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरातील केशवराव भोसले नाट्यगृहास आग लागली ती अवघ्या शहराने पाहिली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ ह्या काळात ते बांधविले. पूर्वी त्यास पॅलेस थिएटर म्हणत. ज्या नटश्रेष्ठाचे नाव पुढे त्यास मिळाले त्याची जयंती दुसऱ्याच दिवशी, ९ तारखेस, होती. शंभर वर्षांचे लाकूडकाम, पडदे, आसने, छप्पर ही सर्व भडकली. मागील खासबाग मैदानाच्या व्यासपीठासही झळ पोहोचली. बंबांमागून बंब आले. मनुष्यहानी झाली नाही ही देवाची दया. परंतु दगडी भिंतींच्या आत जवळजवळ काही उरले नाही, व पुष्कळ प्रौढ माणसे रस्त्यात उभी राहून रडली. त्या रात्री कष्टलेल्या माणसांची सर्वांनी वाखाणणी केली, ती योग्यच होती.

आता दुसरी बाजू पाहा. महाराष्ट्रात आग प्रतिबंधाचा कायदा २००६ साली झाला. त्या अन्वये मोठ्या इमारतींच्या मालकांनी आग विझविण्याची साधने चालू स्थितीत असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, द्यावयाचा असतो. आणि अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यास इमारती तपासण्याचा अधिकार आहे. असा अधिकारी एखाद्या दुकानात शिरून, 'हा जिना मोकळा करा, ही जुनी तार बदला, दारापुढील खोकी हलवा,' असे सांगतो, तेव्हा त्याची वाखाणणी कोण करितो? दुकानदार कपाळास आठ्या घालतो. पुष्कळांस तो उपद्रव वाटतो. समजा, तार बदलली गेली, आणि त्यामुळे पुढील उन्हाळ्यात तेथे लागणारी आग लागली नाही. ही गोष्ट दुकानदारास कधी कळेल काय? अधिकाऱ्यास तरी कळेल काय? ज्यांचा जीव वाचला ते रोजच्याप्रमाणे जेवून निजतील, आणि आपण वाचलो आहो हे त्यांच्या स्वप्नातही येणार नाही. जळालेल्या घरांची यादी करिता येते. न जळालेल्या घरांची यादी फक्त एकाच्या दप्तरात असू शकेल, आणि ते दप्तर पृथ्वीवर नाही.

येथे विचारी वाचक हरकत घेईल, आणि त्याची हरकत खरी आहे. तो म्हणेल, 'ह्या न्यायाने कोणीही आळशी मनुष्य आपले शून्य पुढे करून म्हणेल की, पाहा, माझ्या जागरणाने गाव सुरक्षित राहिला! वास्तविक तो निजला होता, आणि आग आपली लागलीच नाही. शून्य आणि शून्य ह्यांत भेद कसा करावा?' ह्या हरकतीस झटकून टाकणे बरे नव्हे. आम्हांस वाटते की, केवळ फळ पाहून हा भेद कधीच करिता येणार नाही. तो करावयाचा तर होज पाहिली पाहिजे. ती धुतलेली आहे काय? वाळलेली आहे काय? पंपाचे यंत्र पहिल्या हिसड्यास सुरू होते काय? बोळ ठाऊक आहेत काय? वाट पाहणे आणि रिकामे बसणे ह्या दोहोंचे बाह्य रूप एक असले तरी त्यांचे सामान वेगळे असते. दहा कुमारींच्या दृष्टांतात सर्वच पेंगल्या व निजल्या, हे आपण वाचतोच. शहाण्या जाग्या राहिल्या असे तेथे नाही. भेद होता तो तेलाचा.

यहेज्केल संदेष्ट्यास पहारेकऱ्याविषयी जे सांगण्यात आले तेही ह्याच अर्थाचे आहे. तलवार येताना दिसली असता शिंग वाजविणे एवढे पहारेकऱ्याकडे होते. वाजविले असून लोक उठले नाहीत, तर तो निर्दोष. न वाजविल्यामुळे लोक मेले, तर त्यांच्या रक्ताचा जाब त्याला. शहर वाचले की बुडाले ह्यावर त्याचा हिशेब ठेविला नव्हता. असे असता आपण आपल्या उपदेशकांचा हिशेब कशावर ठेवितो? पूर्वी मिशनांच्या काळात महिन्याच्या महिन्यास अहवाल जात असे: किती गावे, किती उपदेश, किती ऐकणारे, किती बाप्तिस्मे. आजही निरनिराळ्या स्वरूपांत तो जातोच. हिशेब वाईट असे आम्ही म्हणत नाही. हिशेबावाचून आळस माजतो. परंतु ज्या घरी नवरा-बायको वेगळी होण्याच्या बेतात होती आणि उपदेशक चार संध्याकाळ ओट्यावर येऊन बसल्यामुळे झाली नाहीत, त्या घराचा रकाना कोणता? दोन भाऊ बांधावरून कोयते उगारणार होते व ते उगारले गेले नाहीत, हे कोणत्या शीर्षकाखाली लिहावे? याकोबाने आपल्या पत्रात जिभेस आग म्हटले आहे, व लहानशा ठिणगीने केवढे रान पेटते ह्याकडे बोट दाखविले आहे. मंडळीत अशा ठिणग्या रोज पडतात. त्यांवर पाय देणारा मनुष्य बहुधा गप्प असतो, आणि त्याच्या अहवालात शून्य असते. अशा उपदेशकाची, नुसता आकडा पाहून, बदली झाली किंवा वेतन थांबले, तर त्या बोटभर जागेत मोठा अन्याय घडतो.

दुसरा प्रश्न पगाराचा. गावात उपदेशकास ऐकावा लागणारा सर्वांत जुना टोमणा असा की, 'तुम्ही पगारासाठी देवाचे नाव घेता.' पुष्कळ भल्या मनुष्यांस हा टोमणा मनात खोल लागतो. ते रात्री विचार करितात की, आपण जे करितो त्यात प्रीती आहे की पोट आहे?

प्राचीन रोमात क्रास्सस नावाचा एक धनाढ्य होता. प्लूटार्काने त्याच्याविषयी लिहिले आहे की, घर पेटले म्हणजे हा ते जळते घर व शेजारची घाबरलेली घरे मातीमोलाने विकत घेई, व आपल्या गुलाम गवंड्यांकडून पुन्हा बांधवून घेई. अशा रीतीने त्या नगराचा मोठा भाग त्याच्या मालकीचा झाला. परक्याच्या आगीवर आपली भाकर भाजण्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही. पुढे प्रभू येशू नासरेथात बालक असता, इ. स. ६ साली, औगुस्त कैसराने रात्री गस्त घालून आगी विझविणाऱ्या शिपायांची पथके नेमिली. त्यांत बहुतेक गुलामगिरीतून सुटलेले लोक होते, आणि त्यांचा खर्च सरकार करी. आता विचारा की, ज्याचे घर जळत आहे त्यास कोणाचे येणे बरे वाटेल? पगार सरकारातून मिळत असल्यामुळेच हा गस्तवाला जळत्या दाराशी उभा राहून घरधन्याशी सौदा करीत नाही. पगार येथे प्रीतीचा शत्रू नाही. उलट लोभास दाराबाहेर ठेवणारा तो एक कुंपणाचा काटा आहे.

चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांतातील एका मनुष्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. तो म्हणजे उतारशाळेचा रक्षक. शोमरोन्याने जखमा बांधिल्या, आपल्या जनावरावर बसवून आणिले, एक रात्र सेवा केली, आणि दुसऱ्या दिवशी दोन दिनार देऊन तो आपल्या कामास गेला. त्यानंतर त्या घायाळ मनुष्यास पाणी कोणी पाजिले? पट्ट्या कोणी बदलल्या? ज्यास दोन दिनार मिळाले होते त्याने. अधिक लागेल ते परत आल्यावर देईन, असे वचनही त्यास होते. प्रभूने त्या रक्षकाची निंदा केली नाही. शोमरोन्याची दया त्या पगारी हातांवाचून एका रात्रीपुरतीच राहिली असती.

तथापि पगार पुरेसा आहे असेही कोणी समजू नये. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाच्या जहाजास आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या व युद्धाचा दारूगोळा होता. बंबवाले त्याच्या पोटात पाणी सोडीत उभे राहिले. दुपारी चारच्या सुमारास जहाज फुटले, व काही वेळाने पुन्हा फुटले. गोदी व आसपासची वस्ती उद्ध्वस्त झाली, शेकडो माणसे मेली, आणि त्यांत अग्निशमन दलाचे ६६ लोक होते. त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळितात. ते पगारी नोकर होते. पण कोणत्या पगारपत्रकात त्या दुपारची किंमत लिहिली होती? पगाराने मनुष्य ठाण्यापर्यंत येतो. त्यापुढे जहाजावर पाय ठेवावयाचा तो दुसऱ्या कशाने. पौलाने तर असेही बजाविले आहे की, आपले शरीर जाळण्यास दिले आणि प्रीती नसली तर लाभ काही नाही. तेव्हा नुसते धैर्य पाहूनही निकाल देता येत नाही. त्या ६६ जणांच्या मनात काय होते हे आपण जाणत नाही, व जाणण्याचा आव आणू नये. इतके मात्र खरे की, पगार घेतला एवढ्यावरून प्रीती नव्हती असे ठरत नाही. आणि उपदेशकबंधूंनी तो टोमणा ऐकून खाली मान घालण्याचे कारण नाही.

तिसरी गोष्ट आम्हां खेड्यातील ख्रिस्ती लोकांस विशेष जवळची आहे. वर्दी आली असता बंबवाला, घर कोणत्या जातीचे, हे विचारीत नाही. ही गोष्ट आज सहज वाटते; परंतु आपल्या वाडवडिलांस ती सहज नव्हती. ज्या गावी सार्वजनिक विहिरीवर अस्पृश्यास पाय ठेवण्याची बंदी होती, त्या गावी गावकुसाबाहेरील झोपडी पेटली तर पाणी कोठून आणावयाचे? जेथे पिण्यास घागर वाढून घ्यावी लागे तेथे विझविण्यास कोण वाढणार? शाहू महाराजांनी १९१९ साली कोल्हापूर संस्थानात सार्वजनिक विहिरी, शाळा, दवाखाने ह्या ठिकाणी अस्पृश्यांस समतेने वागवावे असे हुकूम काढिले, त्यांचे महत्त्व ह्या बाजूनेही पाहण्याजोगे आहे. आगीस शिवाशिव नसते, पण पाण्यास ती लावून ठेविली होती.

ह्याच जिल्ह्यात आग लावणारे हातही झाले आहेत. १९४८ साली महात्मा गांधींच्या हत्येनंतर संतापलेल्या जमावांनी ब्राह्मणांची घरे जाळिली. कोल्हापुरातील भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही जाळण्यात आला. ज्यांनी ते केले त्यांस आपण न्याय करीत आहो असे वाटत असेल. परंतु ज्याचे घर जळत होते तो खुनी नव्हता. तशा दिवशी आपल्या मंडळीतील मनुष्याने कोठे उभे राहावे? ज्या कुळाने आपल्या आजोबास विहिरीवरून हाकलिले, त्याच कुळाचा वाडा पेटला तर बादली घेऊन धावावे काय? आमचे उत्तर असे की, धावावे. आणि हे उत्तर आम्ही हलकेपणाने देत नाही. मनात पूर्वीचा अपमान जागा होईल. तो नाहीसा झाल्यावर जाऊ म्हणाल, तर तोवर वाडा राहणार नाही. क्षमा पुरी होण्याची वाट न पाहता बादली उचलिता येते, आणि पुष्कळदा क्षमा मागाहून चालत येते.

धावावे, पण सरावाने धावावे. २०१९ च्या महापुरात शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ गावी लोकांस बाहेर काढणारी नाव उलटली व अनेक जण बुडाले. नावेत मावतील त्याहून अधिक माणसे बसली होती. तेथे मायेची उणीव नव्हती. मागे कोणी राहू नये ह्या मायेनेच नाव भरली असेल. आम्ही त्या लोकांस दोष देत नाही. परंतु कवाईत ही निर्जीव गोष्ट आहे व भावना तेवढी सजीव, असे जे आपल्यातील पुष्कळ जण मानितात, त्यांनी ह्याचा विचार करावा. कितीजण बसले म्हणजे नाव सोडावी, हे कोरड्या दिवशी ठरवून ठेवावे लागते.

आता एक जुनी कथा, जी आम्हांस मोठी चमत्कारिक वाटते. बिथुनिया प्रांताचा सुभेदार प्लिनी ह्याने त्रायान कैसरास ख्रिस्ती लोकांविषयी लिहिलेले पत्र मंडळीच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्याच प्लिनीने, इ. स. १११ च्या सुमारास, निकोमेदिया शहर जळाल्यावर दुसरे एक पत्र लिहिले. लोक उभे राहून नुसते पाहत होते, शहरात ना पंप ना बादली. तरी दीडशे कारागिरांचे एक पथक करू काय, असे त्याने विचारिले. कैसराने ना म्हटले. कारण काय? चार माणसे कोणत्याही नावाने एकत्र जमली की पुढे त्यांचे राजकीय कट होतात! साधने पुरवा, आणि घरमालकांनीच विझवावे, एवढी परवानगी मिळाली. जे राज्य ख्रिस्ती लोकांच्या एकत्र जमण्यास भ्याले तेच बादल्या घेऊन जमणाऱ्यांसही भ्याले. शेजाऱ्यासाठी जमण्याची सवय लागलेल्या माणसांस राज्यकर्ते का भितात, ह्यावर एखाद्या मंडळीच्या तरुण संघाने एक संध्याकाळ चर्चा करावी.

पण चर्चेबरोबर काही कामही आहे. शहराचा बंब खेड्यात पोहोचेपर्यंत गंजी राहत नाही. म्हणून कडब्याची गंजी घरापासून व विजेच्या तारांपासून दूर रचावी. उसाचे पाचट पेटविण्यापेक्षा ते सरीत कुजविणे जमिनीस हितकर आहे. पेटवावयाचेच असेल तर वारा पडल्यावर, शेजाऱ्यास सांगून, आणि बांधालगत चार हातांचा पट्टा साफ करून मगच काडी ओढावी. तेल पेटले तर त्यावर पाणी ओतू नये, झाकण घालून हवा तोडावी. विजेची आग असेल तर आधी वीज बंद करावी. उपासनामंदिरात नाताळच्या मेणबत्त्या कागदी पताकांखाली ठेवू नयेत, आणि त्या रात्री दाराशी पाण्याच्या दोन बादल्या व वाळूची एक पाटी असावी. १०१ हा आकडा मुलांकडून पाठ करून घ्यावा. आणि जो उपदेशक हे सर्व आपल्या गावात करवून घेईल त्याने पुढील अहवालात त्याबद्दल एक ओळ लिहावी. रकाना नसला तर कागदाच्या पाठीवर लिहावी.